विश्लेषण : ग्राफिक्स कार्ड एक दमदार घ्यावे की दोन स्वस्त? खरेदीआधी कोणता हिशेब मांडावा?

मुलगा अभियांत्रिकीला, ‘एआय’चा प्रकल्प तोंडावर आणि संगणकासाठी लाखभर रुपये बाजूला काढलेले. सक्करदऱ्यातल्या एखाद्या घरात असा बेत ठरला, की सीताबर्डीच्या दुकानात जाण्याआधीच एक प्रश्न हमखास निघतो. ७०-८० हजारांचे एकच कार्ड घेण्यापेक्षा निम्म्या किमतीची दोन घेतली तर? ताकद तेवढीच मिळेल आणि एक बिघडले तरी दुसरे चालेल. वरवर पाहता हा विचार शहाणपणाचा आहे. दहा वर्षांपूर्वी त्यावर ‘चालेल, पण कटकट आहे’ असे उत्तर मिळाले असते. पाच वर्षांपूर्वी ‘मुळीच नको’ असे मिळाले असते. आता उत्तर पुन्हा बदलले आहे, पण सर्वांसाठी नाही.

प्रश्न आजच महत्त्वाचा ठरण्याचे कारण किमती. डेटा सेंटरकडून वाढलेल्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपची टंचाई जगभर जाणवू लागली. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा मेमरीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. ग्राफिक्स कार्डाच्या खर्चातला मोठा वाटा त्यावरच्या मेमरीचा असतो. त्यामुळे चुकीचे कार्ड घेतले तर ती चूक आता पूर्वीपेक्षा महागात पडते.

दोन कार्डांची कल्पना आली कुठून?

ती जुनी आहे. १९९८ मध्ये ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीने ‘व्हूडू २’ कार्ड आणले. अशी दोन कार्डे तारेने जोडली की पडद्यावरच्या आडव्या ओळी दोघांत वाटल्या जात. एक ओळ याची, पुढची त्याची. ही कंपनी पुढे बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. २००४ मध्ये एनव्हिडियाने ‘एसएलआय’ हेच नाव वेगळ्या तंत्रासह पुन्हा बाजारात आणले. पाठोपाठ ‘एटीआय’ने ‘क्रॉसफायर’ आणले. पुढची दहा-बारा वर्षे दोन कार्डांचा संगणक ही गेम खेळणाऱ्यांची मिरवण्याची गोष्ट होती.

मिरवणे खरे होते, फायदा मात्र अर्धवट. दोन कार्डांनी वेग दुप्पट झाला असे क्वचितच घडे. काही गेममध्ये तो दीडपट होई, काहींत अजिबात वाढत नसे आणि काही गेम उलट अडखळू लागत. प्रत्येक गेमसाठी कंपनीला ड्रायव्हरमध्ये वेगळी सोय करावी लागे. अखेर १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० मालिका व त्याआधीच्या कार्डांसाठी नव्या एसएलआय प्रोफाइल देणे एनव्हिडियाने थांबवले. दोन कार्डे जोडणारी ‘एनव्हीलिंक’ची खाच आरटीएक्स ३० मालिकेत फक्त ३०९० या कार्डांना उरली. २०२२ मध्ये आलेल्या ४० मालिकेत तीही गेली.

गेमसाठी दोन कार्डे का चालत नाहीत?

गेममध्ये पडद्यावर सेकंदाला ६०, १०० किंवा त्याहून जास्त चित्रे येतात. दोन कार्डे असली की एक चित्र पहिल्याने काढायचे, पुढचे दुसऱ्याने, अशी पाळी असे. पूर्वी हे जमत होते, कारण प्रत्येक चित्र बऱ्यापैकी स्वतंत्र होते. आजचे गेम पुढचे चित्र काढताना मागच्या चित्राचा आधार घेतात. कडा गुळगुळीत करणे असो की एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’, दोन्हींना आधीच्या चित्रातली माहिती लागते. ती दुसऱ्या कार्डावर पडून असेल तर ती येईपर्यंत थांबावे लागते, म्हणजे पाळी लावण्याचा उद्देशच संपतो.

दुसरा गैरसमज मेमरीचा. गेममध्ये ८ जीबीची दोन कार्डे मिळून १६ जीबी होत नाहीत. दोन्ही कार्डांना तोच रस्ता, त्याच इमारती, तीच माणसे रंगवायची असल्याने सगळा माल दोन्हीकडे जसाच्या तसा ठेवावा लागतो. पैसे १६ जीबीचे मोजले तरी वापरायला ८ जीबीच. ‘लॉसलेस स्केलिंग’सारख्या प्रणालीत मधली कृत्रिम चित्रे तयार करण्याचे काम दुसऱ्या कार्डाला देता येते. पण तो हौशी मंडळींचा उद्योग. त्यासाठी नवे कार्ड विकत घेण्यात अर्थ नाही. गेमसाठी एकच कार्ड, यावर आता वाद उरलेला नाही.

मग विषय पुन्हा का निघाला?

घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवण्याची सोय झाल्यामुळे. २०२३ पासून ‘लामा डॉट सीपीपी’ आणि त्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ‘ओलामा’सारख्या मोफत प्रणालींमुळे भाषा मॉडेल स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालवता येते. वकिलाला अशिलाची कागदपत्रे किंवा डॉक्टरला रुग्णाची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची नसेल, तर हाच मार्ग उरतो.

इथे गणित गेमच्या अगदी उलट चालते. भाषा मॉडेल म्हणजे एकावर एक रचलेले थर. मजल्यांची इमारत समजा. खालचे २० मजले पहिल्या कार्डावर आणि वरचे २० दुसऱ्यावर ठेवले तरी काम होते. दोघांकडे तोच माल ठेवावा लागत नाही. म्हणून १६ अधिक १६ ही बेरीज खरोखर ३२ होते.

ही बेरीज का मोलाची, ते मॉडेलच्या आकारावरून कळते. ८ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल ४ बिटांत आवळले की साधारण ५ जीबीत मावते, १४ अब्जांचे ९ जीबीत. ३२ अब्जांच्या मॉडेलला सुमारे २० जीबी लागतात आणि ७० अब्जांच्या मॉडेलला ४० हून अधिक. शिवाय संभाषण जसजसे लांबते तशी आणखी जागा लागते. म्हणजे १६ जीबीच्या कार्डावर ३२ अब्जांचे मॉडेल पूर्ण बसत नाही. उरलेला भाग संगणकाच्या साध्या रॅमवर जातो आणि वेग कोसळतो.

वेग कसा ठरतो?

मॉडेल एकेक शब्दखंड तयार करते आणि प्रत्येक खंडासाठी जवळजवळ सगळे मॉडेल मेमरीतून वाचावे लागते. त्यामुळे कार्डाची मेमरी सेकंदाला किती जीबी वाचते, हा आकडा इथे सर्वात महत्त्वाचा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआयमध्ये तो ४४८ आहे, ५०७० टीआयमध्ये ८९६ आणि ५०९० मध्ये १,७९२. साध्या संगणकातली डीडीआर ५ रॅम मात्र दोन पट्ट्या लावूनही ९० च्या आसपासच राहते. २० जीबीचे मॉडेल ४४८ च्या वेगाने वाचले तर सेकंदाला जास्तीत जास्त २२ खंड निघतील. प्रत्यक्षात काही कमीच, पण माणसाच्या वाचण्याच्या वेगाला तेवढे पुरतात.

मग दोन ५०६० टीआय लावली तर वाचनाचा वेग ८९६ होतो का? नाही. नेहमीच्या पद्धतीत पहिले कार्ड आपले मजले आटोपते, निकाल दुसऱ्याच्या हाती देते आणि स्वतः रिकामे बसते. शर्यत रिलेची आहे. जागा दुप्पट मिळते, वेग मात्र एकाच कार्डाचा राहतो. प्रत्येक थर उभा चिरून दोन्ही कार्डांना एकाच वेळी जुंपण्याची पद्धतही आहे. पण तीत प्रत्येक थरानंतर दोघांना आपापले उत्तर जुळवून घ्यावे लागते. कार्डे एकसारखी नसतील किंवा त्यांच्यातला रस्ता अरुंद असेल, तर दोन चालींचे बैल एका जुवाला जोडल्यासारखे होते. वेगवान बैलाला मंद बैलाच्या चालीने चालावे लागते.

ग्राहकाने तुलना कोणाशी करावी, हा प्रश्न इथे येतो. बहुतेक जण तिथेच फसतात. १६ जीबीच्या ५०६० टीआयची जाहीर किंमत ४२९ डॉलर, म्हणजे दोनची ८५८. १६ जीबीच्याच ५०७० टीआयची ७४९. भारतात ती ८० हजार रुपये जाहीर झाली होती. म्हणजे ‘दोन स्वस्त’ कार्डे मुळात स्वस्तच नाहीत. शिवाय मॉडेल १६ जीबीत मावणारे असेल तर एकटे ५०७० टीआय दुप्पट वेगाने वाचते. या तुलनेत जोडी सरळ हरते.

पण मॉडेल २० जीबीचे असेल तर जोडीची स्पर्धा ५०७० टीआयशी राहत नाही. ती ३२ जीबीच्या ५०९० शी होते. त्याची जाहीर किंमत १,९९९ डॉलर, भारतात २ लाख १४ हजार रुपये. तेवढीच जागा जोडी निम्म्याहून कमी पैशांत देते. वेग चौपट कमी मिळेल, पण काम होईल. दुकानातला भाव या जाहीर किमतींपेक्षा वेगळा असतो आणि सध्या तो वारंवार बदलतो. म्हणून बिल करताना हीच तीन नावे समोर ठेवून त्या दिवशीचे भाव विचारावेत.

एक सावधगिरी. ५०६० टीआय याच नावाने ८ जीबीचेही कार्ड मिळते, ३७९ डॉलर जाहीर किमतीचे. डबा जवळपास सारखाच, नावही तेच. ८ जीबीची दोन कार्डे म्हणजे गेममध्ये ८ जीबी आणि एआयमध्ये निम्म्या वेगाचे १६ जीबी. कोणत्याही कामासाठी हा सौदा बरा नाही.

चित्रे तयार करणाऱ्या मॉडेलचे काय?

तिथे भाषा मॉडेलसारखी वाटणी सहज होत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी दोन चित्रे करता येतात, एक चित्र निम्म्या वेळात होत नाही.

जोडण्याचा रस्ता इतका महत्त्वाचा का?

या प्रश्नाचे उत्तर विदर्भाच्या एका सुपुत्राने तीसहून अधिक वर्षांपूर्वी प्रत्यक्ष करून दाखवले आहे. हव्या त्या क्षमतेचा ‘क्रे’ महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत झाले. एक महाकाय प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक साधे एकत्र जोडू, हा त्यांचा मार्ग होता. १९९१ मध्ये तयार झालेल्या ‘परम ८०००’ मध्ये इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ वापरले होते. या चिपची खासियत अशी, की शेजाऱ्यांशी थेट बोलण्यासाठी तिच्यात चार जोडण्या उपजतच होत्या. सुटी चिप ताकदवान नव्हती. जोडण्यांमुळे आणि काम वाटून देणाऱ्या प्रणालीमुळे महासंगणक उभा राहिला.

घरच्या ग्राफिक्स कार्डांमधून नेमकी तीच जोडणी काढून टाकण्यात आली. हे केवळ तांत्रिक कारणाने झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचा महसूल १३०.५ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरमधून आले. गेमिंगचे होते ११ अब्जांच्या थोडे वर. हीच कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांना ७२ चिप एनव्हीलिंकने जोडून एकच यंत्र म्हणून विकते. स्वस्त कार्डे चांगली जोडता आली असती, तर महाग यंत्रांचे काही गिऱ्हाईक इकडे वळले असते. गेमसाठी जोडणी निरुपयोगी झाली होती हे खरे. पण ती काढल्याने कंपनीचे नुकसान झाले नाही, हेही खरे.

लग्नाच्या व्हिडिओंसाठी आणि थ्रीडी कामासाठी?

लग्नसराईत रात्र-रात्र जागणाऱ्या स्टुडिओंना बहुधा एकच कार्ड पुरते. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती विंडोजवर एकच ग्राफिक्स कार्ड वापरते. दुसऱ्याचा उपयोग हवा असेल तर पैसे भरून ‘स्टुडिओ’ आवृत्ती घ्यावी लागते. शिवाय नव्या कॅमेऱ्यांचे ४:२:२ प्रकारचे चित्रण थेट हार्डवेअरवर उलगडण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेत आली आहे. जुनी दोन कार्डे लावण्यापेक्षा नवे एक घेण्याचे हे ठोस कारण आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला कार्डावरच्या १८ टक्के कराची वजावटही मिळते, तेव्हा बिल स्वतःच्या नावावर नव्हे, व्यवसायाच्या नावावर घ्यावे.

‘ब्लेंडर’मध्ये थ्रीडी दृश्ये रेंडर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक कार्ड आपापला तुकडा रंगवते आणि दोन कार्डांनी वेळ खरोखर निम्म्याजवळ येतो. अट एवढीच, की संपूर्ण दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावले पाहिजे. म्हणजे भाषा मॉडेलच्या बरोबर उलट. इथे वेगाची बेरीज होते, जागेची होत नाही.

डब्यात दोन कार्डे मावतात का?

अनेक मदरबोर्डवर दोन लांब खाचा दिसतात. दिसायला सारख्या, पण दुसरीत अनेकदा चारच मार्गिका जोडलेल्या असतात आणि त्याही मुख्य प्रोसेसरपर्यंत थेट जात नाहीत. दोन्ही खाचांना आठ-आठ मार्गिका देणारे बोर्ड महाग असतात. ५०६० टीआयला मुळात आठच मार्गिका असल्याने अशा बोर्डवर त्याचे काही अडत नाही. रिले पद्धतीने भाषा मॉडेल चालवायला चार मार्गिकाही निभावतात. मॉडेलला नवे प्रशिक्षण द्यायचे असेल तर मात्र तो रस्ता अरुंद ठरतो. बोर्ड, मोठा पॉवर सप्लाय आणि मोठे कॅबिनेट यांचा वाढीव खर्च दोन कार्डांच्या हिशेबात धरलाच पाहिजे. तो धरल्यावर अनेकांची बचत तिथेच आटते.

नागपुरात यात उन्हाची भर पडते. कार्ड खोलीच्या हवेपेक्षा किती अंश गरम होईल, हे त्याच्या पंख्यांवर आणि कामावर ठरते. त्यामुळे २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जाते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. दोन कार्डे एकावर एक असतील तर वरचे कार्ड खालच्याची गरम हवा ओढते. सक्करदऱ्यातल्या स्लॅबच्या घरात वरच्या माळ्यावरची खोली दुपारी तशीच तापलेली असते. त्यावर उपाय म्हणून कुलरचे तोंड थेट कॅबिनेटकडे करणे हा तर मोठा धोका. ओल आणि धूळ एकत्र आली की पंख्यांवर चिकट थर बसतो.

विजेचे भय मात्र वाटते तेवढे नाही. दोन ५०६० टीआय पूर्ण जोरात ३६० वॅट घेतात, एक ५०७० टीआय ३००. रोज आठ तास चालवले तर महिन्याला फरक १४-१५ युनिटचा. रिले पद्धतीत दोन्ही कार्डे एकदम पूर्ण जोर लावत नसल्याने तोही कमी होतो. वीज गेल्यावर काय, हा प्रश्न जास्त खरा आहे. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. दोन कार्डांचा संगणक कामात असताना तो क्षणभरही टिकणार नाही.

जुनी कार्डे घ्यावीत का?

२४ जीबीचे आरटीएक्स ३०९० एआयच्या हौशींत अजून लोकप्रिय आहे. मेमरीचा वेग ९३६ आणि जोडणीची खाच शाबूत. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग संपल्यावर दिवस-रात्र राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. शिवाय ३०९० च्या मेमरीच्या निम्म्या चिप कार्डाच्या पाठीवर असतात आणि तिथे वारा नीट पोहोचत नाही. वॉरंटी संपलेले, ३५० वॅट ओढणारे असे कार्ड नागपूरच्या उन्हाळ्यात चालवायचे असेल, तर निदान तासभर पूर्ण जोरात चालवून, मेमरीचे तापमान पाहूनच पैसे द्यावेत. पालकांच्या पैशाने पहिलेच कार्ड घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

विकत घ्यायलाच हवे का?

केंद्राच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेत ३८ हजारांहून अधिक जीपीयू उपलब्ध केल्याचे आणि त्यांचा सवलतीचा दर सरासरी ६५ रुपये तास असल्याचे सरकारने जाहीर केले आहे. ८० हजारांत त्या दराने सुमारे १,२३० तास होतात. रोज तीन तास धरले तरी वर्षाहून अधिक काळ, आणि यंत्रे घरच्या कार्डांपेक्षा कितीतरी मोठी. त्यासाठी विद्यार्थी, संशोधक किंवा नवउद्यमी म्हणून अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. दुकानातून वस्तू आणण्याइतके ते सोपे नाही. गोपनीय कागदपत्रांचे काम असेल तर हा मार्ग बादच होतो.

विद्यार्थ्यासाठी आमचा कल स्पष्ट आहे. आधी १६ जीबीचे एक कार्ड, पॉवर सप्लाय गरजेपेक्षा एक पायरी मोठा आणि जमल्यास दुसरी खरी खाच असलेला बोर्ड. दुसरे कार्ड गरज सिद्ध झाल्यावर. ती सिद्ध करण्याची सोयही फुकट आहे. ‘कॅगल’ या गुगलच्या संकेतस्थळावर फोन क्रमांक पडताळून घेतला की आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मोफत मिळतो आणि त्यात १६ जीबीची दोन टी ४ कार्डे एकत्र निवडता येतात. आपला प्रकल्प तिथे महिनाभर आधी एका कार्डावर आणि मग दोनवर चालवून पाहावा. दुसऱ्या कार्डाने काय वाढले, जागा की वेग, हे दुकानाची पायरी चढण्याआधीच कळेल.